१,३६८ सीसी : रांजणगावची देखणी मोटार, तिचे वाढते बळ आणि तिला आडवी आलेली रेघ

१/ शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरतो. गळीत हंगामात या वाटेवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. त्यांना ओलांडताना समोरचा रस्ता काही क्षणच मोकळा मिळतो आणि तेवढ्यात मोटारीला वेग घ्यावा लागतो. चालक ज्याला ‘पिकअप’ म्हणतात, तो वाढवण्याचा एक लक्षणीय अध्याय याच शिरूर तालुक्यात, पुणे–नगर महामार्गालगतच्या रांजणगावात घडला.

२/ फियाट हे नाव महाराष्ट्राला नवे नव्हते. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात फियाट ११०० बनत असे. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे इंजिन १,०८९ सीसीचे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे होते. त्या काळी मोटार चालते, एवढेच पुरेसे मानले जाई. तिची ताकद हा कौतुकाचा विषय नव्हता.

३/ काळ बदलला. फियाटच्या भारतीय कंपनीचे केंद्र रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आले आणि टाटा मोटर्स तिची समान भागीदार झाली. तुर्कस्तानातील बुर्सा येथे २००७ पासून बनणारी ‘लिनिया’ २००९ च्या आरंभी रांजणगावातून बाहेर पडू लागली. साडेचार मीटरहून अधिक लांब, रेखीव बांध्याची आणि लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी योजलेली ही सेदान होती.

४/ रूप होते. जोर मात्र बेताचा होता. तिच्या १,३६८ सीसी पेट्रोल इंजिनाची शक्ती ९० अश्वशक्ती आणि टॉर्क ११५ न्यूटन-मीटर होता. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारी ओढ. ती पूर्णपणे मिळण्यासाठी इंजिनाला मिनिटाला ४,५०० फेऱ्यांपर्यंत न्यावे लागे. उसाची ट्रॉली ओलांडायची तर आधी गिअर खाली आणणे आणि मग इंजिन तापवत वर नेणे, असा तो खटाटोप होता.

५/ इंजिनाची ताकद वाढवण्याचे दोन ढोबळ मार्ग आहेत. एक, सिलिंडर मोठे करणे. दुसरा, आहे त्याच सिलिंडरात अधिक हवा कोंबणे, कारण हवा जितकी जास्त तितके इंधन जास्त जाळता येते. या दुसऱ्या मार्गाचे मूळ स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या पेटंटमध्ये आहे. त्यालाच आज ‘टर्बो’ म्हणतात.

६/ टर्बोची युक्ती काटकसरीची आहे. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक छोटे चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. दाबलेली हवा तापते आणि विरळ होते, म्हणून तिला इंटरकूलरमधून थंड करूनच आत सोडतात. टाकाऊ उष्णतेलाच असे कामाला जुंपले जाते.

७/ २०१० मध्ये ‘लिनिया टी-जेट’ आली. इंजिन तेवढेच, १,३६८ सीसीचे. पण शक्ती ११४ अश्वशक्ती आणि टॉर्क २०७ न्यूटन-मीटर झाला. ओढ जवळजवळ ८० टक्क्यांनी वाढली आणि तीही अवघ्या २,२०० फेऱ्यांना मिळू लागली. महामार्गावर खरा फरक पडला तो इथे. गिअर न बदलता, केवळ पाय दाबून मोटार पुढे झेपावू लागली.

८/ मात्र ताकद एकटी वाढवून भागत नाही. टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनात मिश्रण अवेळी पेटून ‘नॉकिंग’ होण्याचा धोका असतो, म्हणून कॉम्प्रेशन बेतात ठेवावे लागते. पिस्टन, क्लच, कूलिंग यांनाही वाढीव भार पेलावा लागतो. टी-जेटला मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक दिले गेले, ते याच विचाराने. जी मोटार लवकर वेग घेते, तिला लवकर थांबताही आले पाहिजे.

९/ हा क्रम पुढेही चालू राहिला. २०१५ च्या ‘अबार्थ पुंटो’मध्ये १,३६८ सीसीतूनच १४५ अश्वशक्ती निघाली. २०१७ च्या जीप कंपसच्या पेट्रोल आवृत्तीत हाच आकडा १६३ वर गेला; तिथे आत येणाऱ्या हवेच्या झडपा तेलाच्या दाबाने नियंत्रित होत. ९०, ११४, १४५, १६३ : घनक्षमता तसूभरही न वाढता रांजणगावच्या मोटारींत ही चढण झाली.

१०/ मग या मोटारी रस्तोरस्ती का दिसल्या नाहीत? एक कारण अर्थसंकल्पात होते. २००६ मध्ये केंद्राने लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. अट अशी : लांबी ४ मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असल्यास १,२०० सीसी, डिझेल असल्यास १,५०० सीसीपर्यंत. कायदा घनक्षमता मोजत होता. अश्वशक्ती त्याच्या हिशेबात नव्हती.

११/ लिनिया लांबीमुळेच सवलतीबाहेर होती. अबार्थ पुंटो ४ मीटरच्या आत बसे, पण १६८ सीसींनी रेघेपलीकडे गेली. याउलट फियाटचेच १,२४८ सीसी मल्टिजेट डिझेल इंजिन रेघेच्या आत राहिले आणि मारुती स्विफ्टपासून टाटा इंडिका व्हिस्टापर्यंत घरोघरी पोहोचले. अर्थात सारा दोष कराचा नव्हे. विक्री व सेवेचे तोकडे जाळे ही फियाटची दुखरी बाजू होतीच. २०१९ मध्ये भारतातील फियाट मोटारींचा प्रवास संपला.

१२/ पण याच आवारात दुसरी गोष्ट सुरू झाली होती. २०१७ मध्ये रांजणगावातून टाटा नेक्सॉन बाहेर पडली. लांबी ३,९९४ मिलिमीटर, टर्बो पेट्रोल इंजिन १,१९८ सीसीचे, शक्ती ११० अश्वशक्ती. टी-जेटपेक्षा जेमतेम चार अश्वशक्ती कमी, पण दोन्ही मापांत रेघेच्या अलीकडे. नेक्सॉन देशातील सर्वाधिक खपाच्या मोटारींत जाऊन बसली.

१३/ तत्त्व एकच होते : लहान सिलिंडर, दाबलेली हवा, वाया जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग. एका मोटारीने ते देखणेपणाने सिद्ध केले आणि ती मागे पडली. दुसरीने ते कराच्या चौकटीत बसवले आणि ती टिकली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, पण ४ मीटर आणि १,२०० सीसी ही रेघ तशीच राहिली. भारतीय मोटारीचा बांधा ठरवताना अभियंत्याच्या पट्टीइतकीच करखात्याची पट्टी कामी येते, हे शिरूर तालुक्यातील या एका आवाराने दाखवून दिले.