निर्वासिताचे मूल आणि परक्याचा पैसा

ब्रह्मदेश म्हटला की आपल्याकडे पहिल्यांदा मंडालेचा तुरुंग आठवतो. १९०८ ते १९१४ लोकमान्य तिथे होते आणि ‘गीतारहस्य’ तिथेच लिहिले गेले. आज मात्र आपल्याला जायचे आहे ते मंडालेहून पुष्कळ खाली, आग्नेयेला, जिथे ब्रह्मदेशाची म्हणजे आताच्या म्यानमारची आणि थायलंडची हद्द लागते. शिक्षकमंडळींनी वर्गातला आशियाचा नकाशा उघडावा. मोए नावाची एक लहानशी नदी आहे. अलीकडे थायलंडातले माए सोत, पलीकडे ब्रह्मदेशातले म्यावड्डी. कोरड्या दिवसांत ही नदी माणूस पायी ओलांडू शकतो. आणि चाळीस वर्षे माणसे ती ओलांडीत आली आहेत, बहुतेक वेळा रात्रीची, पोरेबाळे पाठीशी बांधून.

ही माणसे मुख्यतः करेन जमातीची. ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाला आणि लगेच १९४९ च्या जानेवारीत करेन लोकांचा सशस्त्र लढा सुरू झाला. १९८४ मध्ये सैन्याचा रेटा वाढला, तेव्हा दहाएक हजार करेन थायलंडात आले आणि परतले नाहीत. त्यांच्या छावण्या पडल्या. त्यांतली माए ला ही सर्वांत मोठी. कड्याच्या पायथ्याशी बांबूची, पाल्याने शाकारलेली घरे, एकाला एक लागून. थायलंडने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. त्यामुळे ही माणसे कायद्याने निर्वासितसुद्धा ठरत नाहीत. छावणीच्या फाटकाबाहेर जायचे तर अधिकाऱ्याची चिठ्ठी लागते.

१९८८ च्या ऑगस्टात ब्रह्मदेशात विद्यार्थ्यांचा मोठा उठाव झाला आणि सप्टेंबरात लष्कराने तो मोडला. त्या वेळी पळून आलेल्यांत सिंथिया माँग नावाची एक तरुण करेन डॉक्टर होती. जंगलातून रात्री चालत ती सरहद्दीवर आली. १९८९ च्या फेब्रुवारीत तिने माए सोतजवळ एका पडक्या, गोठ्यासारख्या घरात दवाखाना उघडला. अवजारे उकळायला यंत्र नव्हते, तेव्हा भात शिजवण्याच्या विजेच्या भांड्यात ती उकळली जात. हाच माए ताओ दवाखाना. हिवताप, बाळंतपणे, सुरुंगाने तुटलेले पाय, सगळे इथे येई. शिकलेले डॉक्टर थोडे, म्हणून छावणीतल्याच मुलामुलींना शिकवून आरोग्यसेवक केले. आपल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या बायकांना शिकवून जे केले, त्याच्याच जातीचे हे काम. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, सिंथिया माँगना २००२ साली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. असा दवाखाना हिवतापाला पुरा पडतो, बाळंतपणाला पुरा पडतो. पण एखादी आई सहा महिन्यांचे मूल घेऊन येते आणि त्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने भलतेच मोठे झालेले असते. टाळू फुगलेली, कपाळावर शिरा तटतटलेल्या, बुबुळे मावळत्या सूर्यासारखी खाली उतरलेली. खेड्यात कुणी म्हणते दृष्ट लागली, कुणी म्हणते गेल्या जन्मीचे. दुखणे साधे समजण्यासारखे आहे, श्रोतेहो. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत एक पाणी सतत झरत असते. मोठ्या माणसात ते दिवसाला अर्धा लीटर होते. ते जसे झरते तसे जिरतेही. जिरण्याची वाट कुठे तुंबली की पाणी आत साठते. तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून डोके वाढत जाते आणि आतला मेंदू दबतो. आधी नजर जाते, मग हालचाल, पुढे बहुधा जीव.

याच्यावरचा इलाज एका बापाने शोधायला मदत केली. फिलाडेल्फियाचा जॉन हॉल्टर हा यंत्रकाम करणारा कारागीर. त्याच्या मुलाला हेच दुखणे होते. मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टर स्पिट्झ यांच्याकडून त्याने ऐकले की पाणी काढून देणारी नळी बसवता येते, पण एकाच दिशेने उघडणारी खात्रीची झडप मिळत नाही. त्याने खपून सिलिकोनची झडप तयार केली आणि १९५६ साली ती प्रथम वापरली गेली, तीही दुसऱ्याच एका मुलात. आज ही नळी मेंदूच्या पोकळीतून कानामागे, मानेच्या व छातीच्या कातडीखालून थेट पोटात नेतात. पोटात पाणी आपोआप जिरते. ऑपरेशनला तासाभराच्या आसपास लागतो. एवढेच.

एवढेच, पण त्या एका तासापर्यंत पोचायचे कसे? मेंदूच्या अशा शस्त्रक्रियेसाठी चिअंग माईला जावे लागते. माए सोतहून मोटारीने पाच-सहा तास, वाटेत पोलिसांच्या चौक्या. आईजवळ कागद नाही, थाई भाषा नाही, पैसा नाही. थायलंडने २००२ साली आपल्या नागरिकांसाठी ३० बाटांत उपचाराची योजना आणली आणि ती खरोखर नावाजण्यासारखी आहे, पण छावणीतला माणूस तिच्यात बसत नाही. म्हणून कुणीतरी चिठ्ठी काढायची, गाडी करायची, दुभाषी द्यायचा, इस्पितळाचे बिल भरायचे. याच कामासाठी २००६ साली माए सोतला मुलांचा एक स्वतंत्र वैद्यकीय निधी उभा राहिला. २०१२ साली अमेरिकेत ‘वॉट्सी’ नावाची संस्था निघाली. तिचा संस्थापक कोस्टा रिकात असताना बसमध्ये एक बाई चढली आणि मुलाच्या उपचारासाठी मदत मागू लागली. हातात मुलाचे वैद्यकीय कागद होते, ते पाहून उतारूंनी पैसे दिले. त्या भागातल्या गावाचे नाव वॉट्सी, तेच संस्थेला मिळाले. रीत तीच, फक्त बस जगाएवढी. एका मुलाचा फोटो, त्याच्या घरची हकीकत, लागणारी रक्कम. हजारो मैलांवरचा कुणी पाच डॉलर देतो, कुणी पन्नास, आणि एक ऑपरेशन पुरे होते.

हे चांगले आहे यात शंका नाही. मूल वाचते. पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाहीत. पहिली ही, की देणाऱ्याचा हात चेहरा पाहून सुटतो. शस्त्रक्रियेच्या मुलाचा फोटो निघतो, न झालेल्या आजाराचा कसा काढणार? पाठीच्या कण्यात जन्मतः राहिलेले व्यंग हे डोक्यात पाणी होण्याचे एक मोठे कारण आहे. गर्भ राहण्याआधीपासून बाईने फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्या तर हे व्यंग पुष्कळ टळते, हे १९९१ साली पक्के सिद्ध झाले. या गोळ्या अगदी स्वस्त आहेत. त्या वाटणाऱ्या दाईच्या पगाराला मात्र देणगीदार मिळता मिळत नाही. छावण्यांतून मोठ्या खर्चाच्या उपचारासाठी कुणाला पाठवावे हे ठरवायला समित्या बसतात. मूल बरे होण्याची आशा किती आणि खर्च किती, असा हिशेब त्या करतात. तो निष्ठुर वाटतो, पण पैसा मोजका असला की तो कुणीतरी करतेच. समितीने केला तर निदान तो नोंदला जातो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. ही नळी म्हणजे काढून टाकलेले आंत्रपुच्छ नव्हे, की टाके सुकले आणि संपले. मूल वाढते, नळी आखूड पडते, झडप तुंबते, जंतू शिरतात. श्रीमंत देशांतसुद्धा मुलांच्या दर दहा नळ्यांतल्या चार तरी पहिल्या दोन वर्षांत बिघडतात. बिघडली की काही दिवसांत, कधी काही तासांत इस्पितळ गाठावे लागते. देणगीदाराने एका ऑपरेशनचा पैसा दिला आणि समाधानाने झोपला, इकडे आईची जन्मभराची जागरणे सुरू झाली. युगांडातल्या म्बाले गावी डॉक्टर बेंजामिन वॉर्फ यांनी हे ओळखले आणि दुर्बिणीने मेंदूतच वाट करून देण्याच्या, म्हणजे नळी न लागणाऱ्या शस्त्रक्रियेवर भर दिला. त्यांचेच दुसरे एक काम आपल्याला अभिमानाचे आहे. उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला बनणारी छाब्रा नळी आणि परदेशी महाग नळी यांची त्यांनी १९५ मुलांवर तुलना केली. एक ३५ डॉलरची, दुसरी ६५० ची. वर्षाअखेर गुणात फरक आढळला नाही. हे २००५ साली प्रसिद्ध झाले.

पण नळी स्वस्त झाली तरी फाटक आणि रस्ता उरतोच. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सरकारने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली. महिनाअखेरीस सरहद्दीवरच्या छावण्यांतली त्या पैशावर चालणारी इस्पितळे बंद पडली. खाटांवरच्या रुग्णांना घरी पाठवावे लागले, गंभीर आजाऱ्यांना थाई सरकारी इस्पितळांनी घेतले, आणि मागे राहिले ते छावणीतलेच शिकवून तयार झालेले आरोग्यसेवक. तुंबलेली नळी ९० दिवस थांबत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टात थायलंड सरकारने छावणीतल्या निर्वासितांना कायदेशीरपणे बाहेर काम करू देण्याचे ठरवले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. शेतात, कारखान्यात मजुरी करून आई चिअंग माईचे भाडे आपल्या पदरचे देऊ शकेल, अशी ही पहिली वाट. ऑपरेशन झालेल्या मुलाच्या आईला घरी सोडताना मात्र पूर्वीसारख्याच खुणा सांगायच्या असतात. टाळू पुन्हा वर आली, मूल वारंवार ओकू लागले, कारणाशिवाय किरकिरले किंवा उठवूनही नीट जागे होईना, की सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री निघायचे.