वालचंदनगरचे पोलाद

बारामती व इंदापूर या तालुक्यांचा आधुनिक इतिहास लिहिताना नीरा डावा कालवा, ऊस आणि साखर यांचाच विचार बहुधा केला जातो. साखर कारखान्याच्या आश्रयाने वाढलेल्या यंत्रशाळेकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी इंदापूर तालुक्यात वसविलेल्या वालचंदनगरात आधी साखरेची यंत्रे घडली, आणि पुढे पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याची कवचे.

ही कवचे मॅरेजिंग पोलादाची असतात. मार्टेन्साइट आणि ‘एजिंग’, म्हणजे मुरविणे, यांची ही शब्दसांधणी होय. मार्टेन्साइट हे नाव जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून, तर ऑस्टेनाइट हे इंग्लंडच्या रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्यावरून पडले. धातूंच्या अवस्थांनाही वालचंदनगराप्रमाणे माणसांचीच नावे मिळावीत, हा योगायोग गमतीचा खरा.

अगंज पोलादाशी तुलना केल्यास या धातूचे वेगळेपण ध्यानात येते. अगंज पोलादाच्या रूढ प्रकारात क्रोमियम सुमारे १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असते. निकेल ऑस्टेनाइटचे पाठीराखे, तर क्रोमियम स्वभावतः फेराइटचे पक्षपाती. तथापि दोहोंच्या संगतीने मार्टेन्साइट बनू लागण्याचे तापमान इतके खाली जाते की नेहमीच्या हवेतही ऑस्टेनाइट टिकून राहतो. मॅरेजिंग पोलादात निकेल दुपटीहून अधिक, १८ टक्के. परंतु क्रोमियम नाही आणि कार्बन नाममात्र. म्हणून हवेत निवताना सुमारे २०० अंश सेल्सियसपाशी त्याचे मार्टेन्साइट होऊ लागते. कार्बनच्या अभावी हे मार्टेन्साइट मवाळ असते. ते कापता, वाकविता, सांधता येते. मग सुमारे ४८० अंशांवर काही तास मुरविले म्हणजे निकेलची मॉलिब्डेनम व टिटॅनियम यांच्याशी सूक्ष्म संयुगे बनून पोलाद कणखर होते. कोबाल्ट मॉलिब्डेनमची विद्राव्यता घटवून या कामी साहाय्य करते.

कारागिराची कसोटी येथेच लागते. उष्णता वा अवधी प्रमाणाबाहेर गेला, तर निकेलने समृद्ध झालेल्या भागांत ऑस्टेनाइट पुन्हा उपजतो आणि बळ ओसरते. २.८ मीटर व्यासाच्या, अवघ्या काही मिलिमीटर जाडीच्या कवचास अशी ढिलाई परवडणारी नव्हे. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले, तेव्हाही पहिल्या टप्प्याने आपले काम चोख बजावले होते. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी दुसऱ्या उड्डाणाने उपग्रह कक्षेत पोहोचविला.