बिस्किटाच्या डब्यातला लाल रंग



दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कोल्हापुरातल्या बेकऱ्यांसमोर पत्र्याच्या डब्यांची रांग लागायची, ती आठवत असेल. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर सगळं घरून न्यायचं, झाकणावर नावाची चिठ्ठी चिकटवायची. बेकरीवाला भट्टीत बिस्किटं भाजून द्यायचा आणि किलोवर करणावळ घ्यायचा. आता सुना-नाती घरच्याच ओव्हनमध्ये दोन-तीन रंगांची, आत गोल फिरकी असलेली बिस्किटं करतात आणि डब्याला रिबीन बांधून फराळाबरोबर भेट देतात. दिसायला फार गोड दिसतात. बाकरवडीची गुंडाळी करतो तसंच तंत्र आहे. दोन रंगांच्या पोळ्या एकावर एक ठेवायच्या, गुंडाळायच्या आणि चकत्या कापायच्या.

"पण काकू, हे आपल्याला चालतं का?" असं गेल्या वर्षभरात चार-पाच जणींनी तरी मला विचारलं. अंडं नाही म्हणजे चालतं, इतकं सोपं हे उत्तर नाही. बिस्किट आपल्या घरात आलं तेच मुळी असे प्रश्न ओलांडत आलं आहे.

आपल्या मूलगुणांत पहिला त्याग तीन मकारांचा, मद्य, मांस आणि मधु यांचा. भट्टीच्या पदार्थांची गंमत (खरं तर अडचण) अशी की हे तिन्ही आडवाटेनं आत येतात. जुन्या काळी पाव फुगवायला ताडी घालत. सुरतेची गोष्ट अशी सांगतात की डच लोकांच्या वखारीत त्यांच्यासाठी पाव भाजला जाई, त्यात ताडी आणि अंडी असत. डच गेल्यावर ती भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली. गिऱ्हाईक आता इथलंच होतं, ताडी-अंड्याला हात न लावणारं. मग दोन्ही वगळून तूप, साखर आणि पीठ यांवर खुसखुशीत वस्तू घडली, ती नानकटाई. 'नान' म्हणजे फारसीत पाव. गोष्टीतले बारकावे कसेही असोत, मला त्यात आवडतं ते हे की गिऱ्हाइकानं नको म्हटलं म्हणून पदार्थ बदलला, पदार्थासाठी गिऱ्हाईक बदललं नाही.

बिस्किटावरून एकेकाळी केवढं रान उठलं होतं ते पुण्याच्या पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून कळतं. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनच्या कार्यक्रमाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. तो वाद आपल्या समाजाचा नव्हता, आणि तो होता कुणाच्या हातचं खाल्लं याबद्दल. आपला प्रश्न वेगळा आहे, त्यात काय घातलंय हा. तरी बाजारानं दोन्ही प्रश्न ओळखले. दिल्लीत १८९८ मध्ये 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली, हमी थेट नावातच! २००१ पासून पाकिटावर हिरवा ठिपका आला, तोही त्याच वाटेवरचा म्हणायला हरकत नाही.

अंड्याचा प्रश्न मात्र विलायतेतल्याच एका संसारात सुटला होता. बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड हे औषधविक्रेते. त्यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर तयार केली आणि १८४३ च्या सुमारास यीस्टऐवजी बेकिंग पावडर. म्हणजे आपण ज्या पिवळ्या कस्टर्ड पावडरीनं बिस्किटांना रंग आणि वास आणतो, ती एका बाईच्या पथ्यापायी जन्माला आली. तिचं पथ्य तब्येतीचं, आपलं अहिंसेचं, पण डबा एकच. (नवऱ्यानं बायकोच्या पथ्यासाठी एवढी खटपट केल्याचं उदाहरण आमच्या घरी मी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं.)

माझ्या सासूबाई बेकरीत डबा द्यायला अगदी सकाळी जायच्या. भट्टी पेटल्यावरचा पहिला घाणा आपला हवा, आणि ट्रेमध्ये घरून नेलेला कागद घालायचा. आधीच्या घाण्याचं अंड्याचं काही लागू नये हा हेतू. १९३७ मध्ये डालडा आल्यापासून बेकरीत वनस्पती तुपाचा सुळसुळाट झाला, म्हणून तूपही स्वतःचं. बेकरीवाला हसायचा, पण ऐकायचा. अशा किती घरांतल्या किती सासूबाईंमुळे आपल्या भागातल्या बेकऱ्यांत 'बिनअंड्याचं' वेगळं ठेवायची सवय लागली, त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

आता रंगाकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे.

माझ्या सुनेनं फिरकीच्या बिस्किटांसाठी वर भुरभुरायला लाल दाणे मागवले, परदेशी डबी. झाकण उघडण्याआधी तिनं बारीक अक्षरं वाचली. त्यात 'ई १२०' होतं. हा रंग म्हणजे कोचिनीलचा, कार्माइन. तो एका किड्यापासून काढतात. मूळ मेक्सिकोचा हा कीडा फड्या निवडुंगावर जगतो. माद्या गोळा करून मारायच्या, वाळवायच्या, की त्यातून गर्द लाल रंग निघतो. साधारण सत्तर हजार किडे मिळून एक पौंड वाळका माल होतो असा हिशेब देतात. बी.कॉम.ची सवय जात नाही, मी भागाकार केला. एका ग्रॅमला दीडशेच्या वर जीव होतात.

स्पेननं हा व्यापार शेकडो वर्षं मुठीत ठेवला. युरोपात कित्येकांना ती एखाद्या झाडाची बी वाटायची, इतकं गुपित. इंग्रजांनाही आपल्या हाती हा रंग हवा होता. मद्रासमध्ये जेम्स अँडरसन या कंपनीच्या डॉक्टरांनी निवडुंगाची बाग केली. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन यांनी ब्राझीलहून जिवंत किडे आणले. ते नेमके हलक्या जातीचे निघाले. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही. किड्यांनी दक्षिणेतल्या निवडुंगाची एक जात मात्र खाऊन संपवली.

आपल्या देशावरच्या बांधाबांधावर माजलेला फड्या निवडुंग तरीही राहिला. १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून याच कुळातली दुसरी जात आणून सोडली आणि निवडुंगाची रानंच्या रानं पांढऱ्या कापसासारख्या बुरशीनं झाकल्यागत होऊन वाळली. तो कापूस म्हणजे हेच किडे. एखादा उरलासुरला फड दिसला तर जवळ जाऊन बघा, पानावर पांढरे पुंजके दिसतील. ज्या किड्याचा रंग केकवर येतो, त्याचे भाऊबंद आपल्याच शिवारात आहेत.

आणि आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं! आपण 'किरमिजी' रंग म्हणतो ना, तो शब्द अरबी-फारसी 'किर्मिझ'वरून आला. किर्मिझ म्हणजे रंग देणारा कीडाच. त्याची कुळी संस्कृत 'कृमि'शी जोडतात. पायाला लावायचा आळताही मूळचा लाखेच्या किड्याचा. रेशमाचा प्रश्न आपल्या समाजानं फार पूर्वीच विचारात घेतला, मिठाईवरच्या चांदीच्या वरखाचाही. वरख कातड्याच्या थरांत ठेवून कुटला जाई, हे कळल्यावर कितीतरी घरांनी तो सोडला. लाल रंगाकडे मात्र आपलं लक्ष उशिरा गेलं असं मला वाटतं, कारण पोटात गेलेला रंग दिसत नाही.

इथे एक घोटाळा टाळा. 'कार्मोइसिन' (१२२) हा नावानं कार्माइनसारखा वाटतो, पण तो कारखान्यातला कृत्रिम रंग, त्यात कीडा नाही. 'इंडिगो कार्माइन'ही तसाच, निळा आणि कृत्रिम. या कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ ची. विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला मलेरियावरचं औषध करताना डांबराच्या पदार्थातून जांभळा रंग मिळाला. आज आपल्याकडे खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि तीही किलोला १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. चिमटीत येतो त्याहून कमी! बाजारातली भडक बिस्किटं बघून हे प्रमाण पाळलं असेल का, असं मनात येतंच.

मग लाल फिरकी करायची कशानं? इतर लोक बीट सांगतात, ते आपल्याला कंदमूळ म्हणून बाद. कोकम आणि जास्वंद करून पाहिलं. सोडा लागला की लाल जाऊन मळकट निळसर होतं. आंबट रंगांचं हे असंच असतं. शेवटी जमलं ते शेंद्रीच्या बियांनी. कुंपणाला काटेरी लाल बोंडं येणारं झाड बघितलं असेल. त्या बियांचा रंग तुपात उतरतो आणि आचेवर टिकतो. दोन चमचे बिया तुपात मंद गरम करून गाळल्या की तूप भगवं-लाल होतं. पिवळ्यासाठी केशर, हिरव्यासाठी पिस्त्याची पूड, तपकिरीला कोको. व्हॅनिला घेताना बाटलीवर 'एक्स्ट्रॅक्ट' असेल तर ठेवून द्या, त्यात मद्यार्क असतो. मी वेलदोडाच घालते. आणि 'हेल्दी' म्हणून मिळणाऱ्या बिस्किटांत बहुधा मध असतो, ते बघून घ्या.

प्रमाण असं: मैदा पाव किलो, पिठीसाखर १२५ ग्रॅम, तूप १५० ग्रॅम. सोडा नको, नाहीतर फिरकी पसरते. पिठाचे दोन भाग करा, एकात साधं आणि एकात शेंद्रीचं तूप. गुंडाळी तासभर फ्रीजमध्ये ठेवून मगच सुरीनं कापा. डब्यात काय काय घातलंय त्याची चिठ्ठी ठेवते, घेणारीला विचारायचा संकोच पडू नये म्हणून. व्रती घरांना हा डबा मी देत नाही. पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन, आणि बाजारचा मैदा कधी दळलाय कोण सांगणार? त्यांच्याकडे नारळ आणि पाव किलो बदाम पाठवते.