औंधचे नमस्कार आणि राजा पार्कातील मुले

आपल्या मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नाटके, गणेशोत्सव आणि हळदीकुंकू यांच्या आठवणी पुष्कळ येतील. आम्ही मात्र मराठी माणसाच्या एका विस्मृतप्राय वारशाविषयी चार शब्द लिहिणार आहोत. तो वारसा म्हणजे मुलांच्या शरीराची जोपासना.

राजा पार्क आणि शेजारचे आदर्शनगर येथे फाळणीनंतर पश्चिम पंजाब व सिंधमधून आलेल्या अनेक कुटुंबांनी घरे उभारली. त्यामुळे येथील शाळांत पंजाबी, सिंधी, राजस्थानी आणि मराठी मुले एकाच बाकावर बसतात. आपली लगोरी येथे ‘सितोलिया’ होते, एवढेच. तथापि आपल्या घरांतून एक तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत : शेजारची मुले कशी भरलेली दिसतात, आपला मात्र काटकुळा! मग वरणभातावरची तुपाची धार वाढते, आणि खेळायला निघालेल्या मुलाला ‘आधी अभ्यास’ म्हणून जिन्यावरूनच माघारी बोलावले जाते. दोन्ही गोष्टी मायेपोटीच होतात. त्या हिताच्या आहेत काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

साताऱ्याकडील औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) तरुणपणी युरोपातील प्रसिद्ध मल्ल सँडो याच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. संस्थानातील शाळांत त्यांनी मुलांना आणि मुलींनाही नमस्कार सक्तीचे केले. मुलींनी व्यायाम करावा हे म्हणणेच ज्या काळी धाडसाचे होते, त्या काळची ही गोष्ट आहे. १९२८ साली त्यांनी या विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९३८ मध्ये लंडनच्या वाचकांपर्यंतही हे नमस्कार पुस्तकरूपाने पोहोचले. राजेसाहेबांचे दावे अंमळ मोठेच असत, हेही सांगितले पाहिजे. जवळजवळ प्रत्येक व्याधीवर त्यांचा उतारा एकच होता.

दावा तपासून पाहण्याची दृष्टी आली ती दुसऱ्या एका मराठी माणसाकडून. जगन्नाथ गणेश गुणे हे मराठी मुलुखाबाहेर, बडोद्यात, राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली शरीरसाधना शिकले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये काढली होती, आणि नळीने नाडीचे आवाज ऐकून तो अचूक ठरविण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच दशकांत लोणावळ्यात सर्वांगासनाच्या वेळी रक्तदाब किती चढतो-उतरतो याची मोजमापे होत होती! आम्हांस या माणसाविषयी विशेष आदर वाटतो तो याकरिता, की श्रद्धा असूनही त्यांनी मोजून पाहिले.

आता त्या काटकुळ्या मुलाकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची वयाच्या आठव्या वर्षी तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आठव्या वर्षीचे वजन जमेस धरून तुलना केली असता, जन्मतः ज्यांचे वजन कमी होते त्यांचा रक्तदाब अधिक आढळला. जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी मोठी, अशा मुलांमध्ये पुढील मधुमेहाची व हृदयविकाराची चिन्हे सर्वांत ठळक होती. पुढे याच मंडळींनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांशी केली. आपल्या बालकांचे वजन सरासरीने सुमारे २.७ किलो, तिकडच्यांचे सुमारे ३.५. आपल्या बालकांचे स्नायू कमी भरले, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे वरून कृश दिसणारे आपले बाळ आतून तसे नसते. तुपाच्या धारेचा पुनर्विचार करण्यास एवढे पुरे आहे.

धावण्याचे काय? लंडन, बर्मिंगहॅम व लेस्टर येथील शाळांत, जेथे आपल्या राजा पार्काप्रमाणेच नाना वंशांची मुले एकत्र शिकतात, तेथे ९-१० वर्षांच्या मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारे छोटे यंत्र बांधून पाहणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत भारतीय उपखंडातील कुटुंबांची मुले सर्वांत कमी हालचाल करणारी ठरली. त्यांतही मुली मागे. औंधच्या राजाने ज्यांना अंगणात उभे केले, त्या मुलींच्या नातीपणती परदेशी शाळेत बसून राहिल्या असतील, या विचाराने आम्ही काहीसे अस्वस्थ झालो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटे दमदार हालचाल सांगते. जिन्यावरून माघारी आलेल्या मुलाच्या वाट्याला त्यांतली किती येतात?

एक व्यावहारिक गोष्ट. मुलांचा रक्तदाब मोठ्यांच्या आकड्याने जोखता येत नाही; तो वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून ठरतो, आणि एकदा अधिक आला म्हणून निदान होत नाही, पुन्हा मोजावा लागतो. दंडाला बांधायचा पट्टाही लहान लागतो. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या दंडावर बांधला तर आकडा चुकीचा येतो. म्हणून आरोग्य शिबिर भरेल तेव्हा डॉक्टरांना लहान पट्टा आणण्यास आधीच सांगावे. आणि गणेशोत्सवात पाठांतर व चित्रकलेच्या स्पर्धांबरोबर खो-खोचे दोन खांबही रोवावेत. याच खेळाची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली घडविली होती. सितोलिया खेळणारी शेजारची मुले बोलावली, तर संघ पुरे करण्याची अडचण पडणार नाही.