अल्फा, बीटा आणि एक नाकारलेला शोधनिबंध

संशोधकाची योग्यता त्याच्या शोधनिबंधांच्या यादीवरून ठरवण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. निबंध किती, कुठल्या नियतकालिकात आले, किती जणांनी त्यांचा दाखला दिला, यांची बेरीज मांडून नेमणुका आणि बढत्या होतात. ‘एपीआय’चे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण जमवता जमवता आपल्याकडच्या प्राध्यापकांनाही हा हिशेब तोंडपाठ झाला आहे. पण औषधे पेशीवर ज्या जागी आपले काम करतात त्या रिसेप्टरांच्या शोधाचा इतिहास पाहिला, तर हा हिशेब ऐन मोक्याच्या जागी चुकलेला दिसतो. निबंध हाती आल्यावर पुढच्या माणसाला काय करता आले, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

रिसेप्टरची कल्पना तशी जुनी. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये दाखवले की मज्जातंतू तोडून तो निकामी झाला तरी निकोटीनने स्नायू आकुंचन पावतो आणि क्युरारे दिले की ते आकुंचन थांबते. म्हणजे औषध ‘झेलणारे’ काहीतरी स्नायूतच असले पाहिजे. पण पुढची चार दशके ही कल्पना बरीचशी अडगळीतच राहिली. ॲड्रेनलिन एका अवयवाला चेतवते आणि दुसऱ्याला शिथिल करते, याचे वॉल्टर कॅनन आणि आर्तुरो रोझेनब्लूथ यांनी दिलेले स्पष्टीकरण प्रमाण मानले जाई. शरीरात ‘सिम्पॅथिन’ नावाची दोन द्रव्ये तयार होतात, एक चेतवणारे आणि एक शमवणारे, असे ते होते.

जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयात रेमंड आल्क्विस्ट गर्भाशयाचे स्नायू सैल करणारे औषध शोधत होते. त्यासाठी त्यांनी ॲड्रेनलिन आणि त्याची भावंडे शोभतील अशी काही रसायने घेतली, निरनिराळ्या अवयवांवर वापरली आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या जोराची उतरंड लावली. रक्तवाहिन्या आवळण्यात ॲड्रेनलिन सर्वांत वरचढ आणि आयसोप्रोटेरेनॉल अगदी तळाशी. रक्तवाहिन्या सैल करण्यात मात्र आयसोप्रोटेरेनॉल पहिले आणि नॉरॲड्रेनलिन शेवटचे. सर्वांत बोलका पुरावा हृदयाचा. तिथे रसायने चेतवण्याचेच काम करतात, पण त्यांचा क्रम लागतो तो शिथिल करणाऱ्या गटासारखा. चेतवणे आणि शमवणे ही विभागणी इथे कोसळते. द्रव्य एकच असेल, पण त्याला झेलणाऱ्या जागा दोन प्रकारच्या आहेत, असा आल्क्विस्ट यांचा निष्कर्ष होता. त्या जागांना त्यांनी अल्फा आणि बीटा म्हटले. औषधशास्त्रातल्या एका अग्रगण्य नियतकालिकाने हा निबंध परत पाठवला. अखेर विल्यम हॅमिल्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाशी असलेल्या मैत्रीमुळे तो १९४८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त आला, असे आल्क्विस्ट यांनीच पुढे सांगितले. त्यानंतर दहा वर्षे त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

संपादकांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. रिसेप्टर कोणी पाहिलेला नव्हता. शिवाय अर्गटसारखी जी रोधक द्रव्ये तेव्हा माहीत होती ती अल्फाचेच काम अडवत. बीटाला अडवणारे एकही द्रव्य हाताशी नव्हते. त्यामुळे मांडणीची एक बाजू खरोखरच लंगडी होती. मात्र अपुरा पुरावा आणि छापण्यास नालायक पुरावा यांत फरक करावा लागतो. पुढे काय शोधायचे, हे त्या क्रमवारीतून स्पष्ट दिसत होते. बीटाला अडवणारे द्रव्य १९५८ मध्ये एलाय लिली कंपनीत मिळाले, तेही श्वासनलिका रुंदावणारे औषध शोधताना. आल्क्विस्ट यांची मांडणी एका पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणात वाचलेले औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक तेव्हा हृदयशूळाच्या रुग्णांसाठी वेगळा विचार करत होते: हृदयाला रक्त वाढवून देण्यापेक्षा त्याची प्राणवायूची गरजच का कमी करू नये? त्यातून १९६४ मध्ये बीटाला अडवणारे औषध प्रोप्रॅनोलॉल आले. दम्याच्या इनहेलरमधले साल्ब्युटामॉल हेही याच विभागणीच्या पुढच्या पायरीचे फळ आहे.

कोणी म्हणेल, हे एकच उदाहरण झाले. याच रिसेप्टरांवर पुढे काम करणाऱ्या रॉबर्ट लेफकोवित्झ यांचे निबंध तर शेकड्यांनी आहेत आणि त्यांना २०१२ चे नोबेलही मिळाले. खरे आहे, भरपूर लिहिणारा उथळच असतो असे मुळीच नाही. पण त्यांची यादी पाहताना आकड्यापेक्षा साखळी लक्ष वेधते. आधी किरणोत्सारी खूण लावून रिसेप्टर ओळखणे, मग तो शुद्ध करणे, मग १९८६ मध्ये त्याचे जनुक, आणि त्यातून आलेला धक्का की बीटा रिसेप्टरची ठेवण डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिनसारखीच आहे. यातला कोणताही एक दुवा काढला तर पुढचे काम अडते. निवड समित्यांनी उमेदवाराला एवढे जरी विचारले, की तुमच्या कोणत्या निबंधावाचून दुसऱ्याचे काम अडले असते, तरी बरेच गुण आपोआप गळतील.

आल्क्विस्ट यांना १९७६ मध्ये ब्लॅक यांच्याबरोबर लास्कर पुरस्कार मिळाला. तरी त्याच्या तीन वर्षे आधी त्यांनी लिहून ठेवले होते की रिसेप्टर ही आपल्या लेखी एक अमूर्त कल्पनाच आहे. १९८३ मध्ये ते वारले. बीटा रिसेप्टरचे जनुक प्रसिद्ध झाले ते त्यानंतर तीन वर्षांनी.