जुन्या तुळयांचें नवें जीवन

श्रोतेहो, एखादा जुना वाडा पाडला जातो, तेव्हां त्याचे दरवाजे, खांब आणि तुळया कोठें जातात, हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. वॉशिंग्टन येथील ‘व्हाइट हाउस’ या अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचा इतिहास या बाबतींत मोठा बोधप्रद आहे.

इ. स. १८१४ मध्यें ब्रिटिश सैन्यानें हें भवन जाळलें. मूळ शिल्पकार जेम्स होबन यानेंच तें पुन्हां उभारलें व १८१७ सालीं राष्ट्राध्यक्ष मन्रो तेथें राहावयास आले. पुढें पाण्याचे नळ आले, विजेच्या तारा आल्या; प्रत्येक सोयीकरितां तुळयांना खांचा पडत गेल्या. १९२७ सालीं वर जड मजला चढला. अखेर १९४८ सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या कन्येच्या पियानोचा पाय जमिनीच्या फळ्या फोडून खालीं गेला, तेव्हां घर किती खिळखिळें झालें होतें हें सर्वांस कळून चुकलें.

सगळेंच पाडून नवें बांधावें, असाही एक पक्ष होता. परंतु बाहेरच्या दगडी भिंती राखून आंतील सर्व भाग काढावा, असें ठरलें. डिसेंबर १९४९ मध्यें काम सुरू झालें. माती उपसण्याचें यंत्र आंत नेण्यासाठीं भिंतीला मोठें भगदाड पाडूं न देतां, तें सुटें करून आंत पुन्हां जोडण्यांत आलें!

होबनच्या काळच्या पाइनच्या तुळया भार पेलण्यास निकामी झाल्या होत्या, पण त्यांचें लाकूड नासलें नव्हतें. सव्वाशें वर्षें वाळलेलें लाकूड सहसा वांकत नाहीं. तें कापून, रंधून तळमजल्यावरील ग्रंथालय व इतर दालनांच्या भिंतींना त्याचें आच्छादन करण्यांत आलें. छताखालीं दडलेली तुळई अशा रीतीनें पाहुण्यांच्या दृष्टीसमोर आली. उरलेल्या विटा, दगड व लाकडाचे तुकडे स्मृतिचिन्हें म्हणून लोकांना विकण्यांत आले. कोणी त्यांतून पुस्तकें टेकण्याचे आधार केले, तर कोणी सभापतीची हातोडी.

ही कथेची उजळ बाजू. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आंतून निघालेल्या सामानाचा पुष्कळसा भाग फोर्ट मायर येथें भराव म्हणून जमिनींत गाडला गेला. नक्षीदार गिलाव्याच्या जागीं नव्या प्रतिकृती बसल्या. २७ मार्च १९५२ रोजीं ट्रूमन घरीं परतले, तें घर बाहेरून जुनें, पण आंतून पोलादी सांगाड्याचें होतें.

म्हणून, श्रोतेहो, वाचलेल्या तुळयांचें कौतुक करतांना गाडलेल्या वस्तूंचा विसर पडूं नये. एकदां भरावांत गेलेली वस्तु परत मिळत नाहीं. काय राखावयाचें, हें पहिली कुदळ पडण्यापूर्वींच ठरवावें लागतें. मागाहून उरते ती केवळ हळहळ.