उपचार की शिक्षण? : अमेरिकन राज्यांच्या स्वमग्नता-विमा कायद्यांतील एक शब्दप्रश्न

पक्षाघाताने वाचा गेलेल्या मनुष्यास पुन्हा बोलावयास शिकविणे हा उपचार. ज्या बालकास वाचा फुटलीच नाही त्यास बोलावयास शिकविणे हे मात्र शिक्षण, असा भेद अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या व्यवहारात दीर्घकाळ रूढ होता. पहिल्याचा खर्च विमा कंपनी बहुधा देई. दुसरा शाळेने करावा किंवा आईबापांनी सोसावा, असे ती सांगे. विमापत्रांत हा भेद 'रिहॅबिलिटेटिव्ह' व 'हॅबिलिटेटिव्ह' या दोन शब्दांनी दर्शविला जाई. गमावलेली क्षमता परत मिळविणे आणि नसलेली क्षमता प्रथमच संपादन करणे, यांतील अंतर अशा रीतीने एका उपसर्गात सामावले होते. स्वमग्नतेच्या उपचारांसंबंधी राज्यांनी केलेल्या कायद्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या भेदाच्या निराकरणाचा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लिओ कॅनर यांनी ११ बालकांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि, विम्याचा प्रश्न तीव्र झाला तो वर्तन-विश्लेषणावर आधारलेली शिकवण पुढे आल्यानंतर. इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये असे प्रतिपादिले की, आठवड्यास सुमारे ४० तास अशी शिकवण मिळालेल्या १९ बालकांपैकी ९ बालके शाळेच्या सर्वसाधारण वर्गात यशस्वी झाली. त्यांच्या संशोधनपद्धतीवर पुढे गंभीर आक्षेप घेण्यात आले. परंतु पालकांच्या मनात आशा उत्पन्न झाली आणि तिच्याबरोबर सामान्य कुटुंबास न पेलणारा खर्चही आला. विमा कंपन्यांचे उत्तर दुहेरी होते : ही पद्धती प्रायोगिक आहे, आणि हे शिक्षण आहे.

या उत्तरास राज्यांनी निरनिराळ्या मार्गांनी छेद दिला. इंडियानाच्या २००१ च्या कायद्याने चिकित्सकाने लिहून दिलेली उपचारयोजना प्रमाण मानली आणि तिच्यावर शारीरिक आजाराहून प्रतिकूल अशी आर्थिक मर्यादा घालण्यास मनाई केली. साउथ कॅरोलायनात २००७ मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार विधिमंडळाने झुगारला. तेथे वर्तनोपचारासाठी वर्षास ५०,००० डॉलरांची कमाल मर्यादा ठरली. पेन्सिल्व्हेनियाच्या २००८ च्या कायद्याने २१ वर्षांखालील व्यक्तींसाठी ही मर्यादा ३६,००० डॉलर ठेवली. भाषेच्या अभ्यासकास हा शेवटचा कायदा विशेष उद्बोधक वाटेल. त्याने 'रिहॅबिलिटेटिव्ह' हा जुनाच शब्द कायम ठेवला. मात्र त्याच्या व्याख्येत वर्तन-विश्लेषणाचा स्पष्ट समावेश केला. ज्या शब्दाने बालकास दाराबाहेर ठेवले होते, त्याच शब्दाने त्यास आत घेतले.

तथापि, व्याख्येचे सामर्थ्य कायद्याच्या अधिकारक्षेत्रापुरतेच असते. १९७४ च्या संघीय कायद्यामुळे, जे मालक कामगारांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या निधीतून देतात त्यांच्या योजना राज्यांच्या विमाकायद्यांपासून मुक्त राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या खटल्यात हा भेद मान्य केला. परिणामी एकाच गल्लीतील, एकाच निदानाच्या दोन बालकांपैकी एकास विमा मिळे व दुसऱ्यास नाकारला जाई. कारण त्यांच्या पित्यांचे मालक भिन्न होते.

संघीय आरोग्य-कायद्याने २०१० मध्ये व्यक्तींच्या व लहान आस्थापनांच्या विमायोजनांसाठी आवश्यक सेवांची यादी केली, तेव्हा तीत उपरोक्त दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले. २०१९ पर्यंत पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपाची तरतूद झाली. मात्र स्वनिधीच्या योजनांवर राज्यांचा हात चालत नाही, हा अडसर त्याने दूर झाला नाही. यावरून एवढे निश्चित म्हणता येईल की, कायद्यातील व्याख्या ही केवळ स्पष्टीकरणाची सोय नसते. खर्चाचा भार कोणाच्या खांद्यावर पडावा याचा निर्णय तीत अगोदरच झालेला असतो. म्हणून अशा कायद्यांचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम व्याख्येचे कलम वाचावे.